जिप्सीचे वय कोणी ठरवायचे?

बंद पडलेल्या गाडीला धक्का मारून ती चालू करण्याचा प्रकार भारतीय रस्त्यांना नवा नाही. बाजारातून निवृत्त झालेली गाडी केवळ एका ग्राहकासाठी कारखान्यात तयार करायला लावण्याचा प्रसंग मात्र विरळाच. भारतीय लष्कराने मारुती जिप्सीच्या बाबतीत नेमके तेच केले. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीची नोंदणी २०१८ च्या अखेरीस बंद झाली. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे निकष आले, एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे 'भारत स्टेज-६' मानक लागू झाले आणि या दोन्ही चाळण्यांतून ही गाडी पार पडणे शक्य नव्हते. तरीही संरक्षण खात्याच्या विनंतीवरून लष्करी वापरापुरती सूट देण्यात आली आणि जून २०२० या एका महिन्यात सातशेहून अधिक नव्या कोऱ्या जिप्सी लष्कराच्या ताब्यात गेल्या. ज्या गाडीची जागा घेण्यासाठी आणखी मोठी, आणखी ताकदवान गाडी तीन वर्षांपूर्वीच निवडून झाली होती, तीच गाडी पुन्हा मागवली गेली.

यात लष्कराचा हट्ट पाहायचा की व्यवहारज्ञान, हा प्रश्न वरवर संरक्षण खरेदीचा वाटतो. प्रत्यक्षात तो पुण्या-मुंबईतल्या हजारो दारांपाशी उभ्या असलेल्या जुन्या जीप आणि जिप्सींचाही आहे. पंधरा वर्षे उलटली, आरटीओत नव्याने पासिंग करायचे आहे, गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला आहे आणि घरातून 'विकून टाका आता' असा धोशा लागला आहे. अशा वेळी गाडी ठेवावी की काढावी? या प्रश्नाला कायदा वयाच्या हिशेबाने उत्तर देतो. लष्कराने ते कामाच्या हिशेबाने दिले. दोन्ही उत्तरांत किती तथ्य आहे, हे तपासण्याजोगे आहे.

जिप्सी भारतात आली ती १९८५ च्या अखेरीस. सुझुकीच्या जिम्नी या जपानी गाडीची ती लांब बांध्याची आवृत्ती. सुरुवातीचे इंजिन ९७० सीसीचे, म्हणजे आजच्या लहान मोटारीएवढेच. पुढे १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन आले आणि २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणीची पद्धत आली. बाकी गाडी जवळपास होती तशीच राहिली. शिडीसारखी मजबूत चासी, पुढे-मागे अखंड अॅक्सल, बैलगाडीला शोभतील असे पाट्यांचे स्प्रिंग, गरजेपुरता चारही चाकांना जोर देणारा गिअर आणि वजन जेमतेम एक टन. आराम हा शब्द तिच्या आराखड्यात नव्हता. मागच्या बाकांवर समोरासमोर बसून घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र या उणिवांमध्येच तिचे सामर्थ्य होते. हलकी गाडी चिखलात कमी रुतते आणि रुतलीच तर चार-सहा माणसे ढकलून तिला बाहेर काढू शकतात. पेट्रोल इंजिन असल्याने लडाखच्या थंडीत, जिथे डिझेल घट्ट होऊ लागते, तिथे ती तुलनेने सहज चालू होते. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि जे बिघडते ते पान्याने उघडून पाहता येते. नव्वदच्या दशकापासून लष्कराने अशा तीस हजारांहून अधिक गाड्या घेतल्या. त्यांच्याबरोबर त्या दुरुस्त करणाऱ्या फिटरांची पिढी, सुट्या भागांची कोठारे आणि चालकांच्या हाताला लागलेली सवयही तयार झाली. गाडी बदलायची म्हणजे हे सारे बदलायचे असते. खरेदीच्या कागदावर त्याची किंमत कुठेही लिहिलेली नसते.

लष्कराला बदल नकोच होता, असे अर्थातच नाही. जिप्सी पाचशे किलो भार वाहणाऱ्या वर्गातली होती. संपर्कयंत्रणा, शस्त्रे आणि जवान यांचे ओझे वाढत गेले, तसा आठशे किलो वाहणारी, टपबंद आणि वातानुकूलित गाडी हवी, असा निकष ठरला. दीर्घ चाचण्यांनंतर टाटा सफारी स्टॉर्म निवडली गेली आणि २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांचा करार झाला. गंमत अशी, की स्टॉर्मचे नागरी उत्पादन २०१९ मध्ये संपले. ज्या प्रदूषण मानकांनी जिप्सीला बाजारातून घालवले, त्यांच्याच आगमनाने तिच्या वारसदारालाही घरी बसवले. त्यानंतर २०२३ च्या जानेवारीत महिंद्रच्या स्कॉर्पिओ क्लासिकच्या १,४७० आणि जुलैमध्ये आणखी १,८५० गाड्यांची मागणी नोंदवली गेली. २०२५ मध्ये इंडो-तिबेट सीमा पोलिसांनी लडाखसाठी साठ जिम्नी घेतल्या. तीच जिम्नी, जिच्या पोटी जिप्सी जन्मली होती. म्हणजे एका गाडीच्या जागी एक गाडी आली नाही. भार वाहण्याचे काम मोठ्या डिझेल गाड्यांकडे गेले आणि अरुंद, बर्फाळ वाटांवर पुन्हा हलकी पेट्रोल गाडीच बोलवावी लागली.

याआधी 'जोंगा'च्या बाबतीतही असेच घडले होते. निसानच्या पेट्रोल-६० या गाडीवर बेतलेली ही जीप जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून जवळपास शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. इंजिन जवळपास चार लिटरचे, तहान अफाट आणि अंगात बळ तेवढेच. ती सेवेतून गेली तेव्हा हिशेब स्पष्ट होता. इंधन फार पिते आणि तिचे बहुतेक काम जिप्सी निम्म्या खर्चात करते. जोंगा वयामुळे गेली नाही. तिचे काम दुसऱ्या गाडीने उचलले म्हणून गेली. पुढे लिलावात निघालेल्या जोंगा हौशी मंडळींनी शोधून शोधून घेतल्या. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये एक जुनी जोंगा घेतली, तेव्हा ती बातमी झाली.

लष्कराने टाकलेली गाडी नागरिकाने उचलावी, ही परंपरा भारतात जीपइतकीच जुनी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्याच्या आगेमागे दुसऱ्या महायुद्धातल्या उरलेल्या जीपही देशभर फिरत होत्या. हरियाणातल्या मंडी डबवालीत लष्करी लिलावातल्या सांगाड्यांवर नवी जीप उभी करण्याचा अख्खा धंदाच उभा राहिला. महाराष्ट्रात या गाड्यांचे वेगळेच स्थान आहे. वडाप म्हणून धावलेल्या कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांनी खेडी तालुक्याला जोडली. सह्याद्रीतल्या धनगरवाड्यांपर्यंत डांबर पोहोचण्यापूर्वी महिंद्रच्या एमएम-५४० सारख्या जीप पोहोचल्या. ताडोब्यात वाघ पाहायला गेलेल्या बहुतेकांनी तो जिप्सीत बसूनच पाहिला. जिप्सीचे उत्पादन थांबल्यावर जुन्या जिप्सीचे भाव उतरण्याऐवजी चढले. जी वस्तू पुन्हा बनणार नाही आणि जिच्यावाचून अडते, तिला बाजार म्हातारी समजत नाही.

कायदा मात्र समजतो. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पर्यंत मोटारीसाठी सहाशे रुपये होते, ते पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार करण्यात आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा हा दुसरा हात आहे. एका हाताने शुल्क वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने नव्या गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीचे आमिष दाखवायचे. सरकारने स्वतःलाही हा नियम लावला. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. त्यातून संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी प्रत्यक्ष कामगिरीवर असलेली चिलखती आणि इतर खास वाहने वगळली आहेत. म्हणजे काम महत्त्वाचे असेल तर वय गौण ठरते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते नागरिकाच्या दारापर्यंत आलेले नाही, इतकेच.

दिल्लीत या वयगणनेने जे रूप घेतले, त्यातून धोरणातला गोंधळ पुरेसा दिसतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच देऊ नये, असा फतवा निघाला आणि लोकांच्या संतापामुळे काही दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई नको म्हटले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण 'भारत स्टेज-४' आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. या शेवटच्या आदेशाकडे नीट पाहिले, तर एक महत्त्वाचा बदल दिसतो. प्रश्न 'गाडी किती वर्षांची' यावरून 'गाडी कोणत्या मानकाची' याकडे सरकला आहे. पूर्ण न्याय्य नसली तरी ही दिशा योग्य आहे.

जुन्या गाडीच्या चाहत्यांना इथे एक कटू गोष्ट ऐकावी लागेल. वयाची मर्यादा ढोबळ असली, तरी तिच्यामागची चिंता खोटी नाही. कार्बोरेटरवर चालणारी, धुराचे शुद्धीकरण करणारे यंत्र नसलेली जिप्सी प्रत्येक किलोमीटरला जो विषारी वायू सोडते, तो आजच्या गाडीच्या कितीतरी पट असतो. नव्या पेट्रोल मोटारींना असे यंत्र बसवण्याची सक्ती १९९५ मध्ये झाली आणि तीही प्रथम चार महानगरांपुरती. जुन्या डिझेल जीपचा काळा धूर तर मोजायलाही यंत्र लागत नाही. 'आमच्या गाडीची पीयूसी आहे' हे उत्तर पुरेसे नाही. पीयूसीच्या चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराची घनता, एवढेच पाहिले जाते. नायट्रोजनची संयुगे आणि सूक्ष्म कण त्यात सापडत नाहीत. प्रमाणपत्र असणे आणि गाडी स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरक्षेबाबत तर बचावाला जागाच नाही. जिप्सीला अखेरपर्यंत एअरबॅग मिळाल्या नाहीत, चाके न अडकता ब्रेक लावणारी एबीएस यंत्रणाही नाही. मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांना, आणि ती बहुधा मुलेच असतात, धड पट्टाही नसतो. जुन्या जीपची तीच गत. 'जुना पत्रा जाड, म्हणून गाडी भक्कम' हा समज गॅरेजांच्या कट्ट्यावर फार लोकप्रिय आहे. धडकेच्या वेळी मात्र जाड पत्रा आणि ताठ चासी आघात स्वतः शोषत नाहीत, तो आत बसलेल्यांकडे पोहोचवतात. डोंगरातल्या वाटेवर वीसच्या वेगाने जाताना याने फारसे बिघडत नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, शेजारून नव्वदच्या वेगाने ट्रक जात असताना, बिघडते.

त्यामुळे निर्णयाचा पहिला निकष गाडीचे वय नसून तिचा वापर हाच राहतो. थोडा हिशेब मांडला तर हे स्पष्ट होते. एखादी जिप्सी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते, शनिवार-रविवारी एखाद्या गडाच्या पायथ्यापर्यंत आणि पावसाळ्यात गावी, असे धरू. लिटरला दहा किलोमीटर धरले तर तीनशे लिटर पेट्रोल लागेल. त्याच जातीची नवी गाडी लिटरला चौदा किलोमीटर गेली, तर सुमारे दोनशे चौदा लिटर लागेल. बचत शहाऐंशी लिटरची, म्हणजे शंभर रुपये दराने वर्षाला साडेआठ हजारांच्या आसपास. पाच दारांची जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये बाजारात आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत पावणेतेरा लाखांच्या घरात होती. या बचतीतून ती फिटायला दीड शतक लागेल. दुरुस्तीवर वर्षाला चाळीस-पन्नास हजार गेले, तरी नव्या गाडीच्या कर्जाचे केवळ व्याजच त्याहून जास्त होते.

पर्यावरणाचे गणितही याच वळणाने जाते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शहाऐंशी लिटर वाचले तर वर्षाला दोनशे किलो. नवी मोटार बनवताना पोलाद, अॅल्युमिनियम, रबर, काच आणि वाहतूक मिळून पाच टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असे मानले, तर तो भरून निघायला पंचवीस वर्षे जावी लागतील. तीच गाडी रोज कार्यालयात नेली आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवली, तर चित्र पालटते. इंधनाची बचत सव्वाचारशे लिटरच्या पुढे जाते, पैशांत बेचाळीस-त्रेचाळीस हजार. कार्बनचा हिशेब पाचेक वर्षांत चुकता होतो. शिवाय शहराच्या हवेत, सिग्नलला उभ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर पडणारा धूर या बेरजेत धरलेलाच नाही. रोजच्या शहरी वापरासाठी जुनी जिप्सी किंवा डिझेल जीप ठेवण्याचे कोणतेही समर्थन उरत नाही. क्वचित वापरासाठी ती मोडीत काढण्याचेही फारसे उरत नाही.

दुसरा निकष गाडीच्या सांगाड्याचा. अशा गाड्यांचे इंजिन म्हातारे होते ही भीती बहुधा अस्थानी असते. इंजिन उतरवून, रिंगा-पिस्टन बदलून पुन्हा चढवता येते आणि गिअरबॉक्सचेही तसेच. चासीचे मात्र तसे नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत वाढलेली किंवा समुद्राच्या वाळूवर खेळवलेली गाडी वरून रंगवून नव्यासारखी दिसते आणि पाट्यांच्या खुंट्यांपाशी, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत आतून पोखरलेली असते. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, पत्र्याच्या पापुद्र्यांसारखा गंज गळू लागला, की निर्णय झाला असे समजावे. वेल्डिंगची ठिगळे लावून अशी चासी पासिंगपुरती तगते, खड्ड्यात आदळल्यावर कुठे तुटेल ते सांगता येत नाही. उलट मराठवाड्याच्या कोरड्या हवेत राहिलेली तीस वर्षांची जीप देशावरच्या गॅरेजमध्ये उचलून पाहिली, तर सांगाडा नव्यासारखा निघू शकतो. याच जागी पंधरा वर्षांची फूटपट्टी सर्वांत निरुपयोगी ठरते. एकाच दिवशी नोंदलेल्या दोन गाड्यांचे खरे वय दहा वर्षांनी वेगळे असू शकते.

तिसरी अडचण अलीकडची आहे आणि ती पंपावर उभी आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर सर्रास झाल्यावर २०२५ मध्ये त्यावर वादळ उठले. नव्या गाड्यांचे भाग त्याला अनुकूल असावेत, अशी तजवीज एप्रिल २०२३ पासूनची आहे. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले. कार्बोरेटरच्या जिप्सीसाठी याचा अर्थ साधा आहे. इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सीले तपासून बदलावीत. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने अर्धवट भरलेली टाकी घेऊन गाडी उभी ठेवू नये. खर्च काही हजारांचा आहे. दुर्लक्ष केले तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकण्याचा धोका आहे, आणि तो किरकोळ नाही.

सुट्या भागांचा प्रश्न तूर्त तरी भीतीदायक नाही. लष्कराकडे, पोलिसांकडे आणि वन पर्यटनात इतक्या जिप्सी आहेत की त्यांच्या भागांना मागणी राहणार. महिंद्रच्या जुन्या जीपचे भाग तर पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या बाजारापर्यंत मिळतात. अडते ते बनावट मालापाशी. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे आणि चाकांची बेअरिंगे स्वस्तातली घेऊन केलेली बचत घाटात महागात पडते. दुसरा मोह इंजिन बदलण्याचा. जिप्सीत दुसऱ्या मोटारीचे डिझेल इंजिन, जीपमध्ये दुसऱ्या कंपनीचे टर्बो इंजिन, असे प्रयोग सर्रास होतात. मूळ बनावटीशी विसंगत बदल मान्य नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. परवानगीशिवाय बदललेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली, तर विमा कंपनी हात वर करते आणि मालक एकटा पडतो. जुनी गाडी ठेवायची तर तिच्या मूळ रूपातच ठेवावी, हा आग्रह निव्वळ शौकिनांचा नाही.

नवी घ्यायचीच असेल, तर 'तशीच' गाडी बाजारात आहे का? नाव घेण्याजोग्या तीन आहेत. महिंद्रची २०२० पासूनची थार नाशिकला बनते, सुरक्षेच्या चाचणीत चार तारे मिळवते आणि रस्त्यावर जुन्या जीपपेक्षा कितीतरी सुखाने चालते, पण तिचे वजनही त्याच प्रमाणात वाढले आहे. फोर्सची गुरखा जुन्या पठडीतली, उंच आणि दणकट आहे. जिम्नी या तिघींत जिप्सीच्या सर्वांत जवळ जाते. शिडीची चासी, अखंड अॅक्सल, हलक्या गिअरची जोड, वजन बाराशे किलोच्या आसपास आणि सोबत सहा एअरबॅग. भारतीय ग्राहकाने मात्र तिला थंडाच प्रतिसाद दिला. जिप्सीच्या आठवणीने उसासे टाकणारे बरेच जण प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी मोठ्या, चकचकीत, केवळ दिसायला जीप असलेल्या गाड्यांकडे वळतात, हे बाजाराचे निरीक्षण बोलके आहे. या सर्व नव्या गाड्यांत एक फरक समान आहे. संवेदके आणि संगणकीय नियंत्रण असल्याने आडवाटेवर बिघाड झाला तर पान्याने भागत नाही. मग कंपनीच्या कार्यशाळेपर्यंत ओढून न्यावे लागते. ज्याला दुर्गम भागात एकट्याने जायचे आहे, त्याच्यासाठी ही गोष्ट एअरबॅगइतकीच सुरक्षेची आहे.

मोडीत काढण्याचा पर्याय आर्थिकदृष्ट्या सर्वांत दुबळा ठरतो. अधिकृत भंगार केंद्रात नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के मोबदला मिळावा, अशी धोरणाची अपेक्षा आहे. चालू स्थितीतल्या जिप्सीला हौशी ग्राहक त्याच्या कितीतरी पट देतो. त्यामुळे सुस्थितीतल्या चारचाकी-जोराच्या गाड्या भंगारात जात नाहीत, त्या फक्त मालक आणि जिल्हा बदलतात. दिल्लीतून हुसकावलेल्या गाड्या दूरच्या राज्यांत ना-हरकत दाखल्यावर विकल्या गेल्या, त्याचे कारण हेच. धूर राजधानीतून हलला, संपला नाही.

ब्रिटनमध्ये गाडीला वयाची कमाल मर्यादा नाही. दरवर्षीची कठोर तपासणी आहे आणि त्यात गंजलेली चासी सापडली की गाडी रस्त्यावरून जाते, मग ती सात वर्षांची असो वा सत्तावीस. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली तीन वर्षे सोडल्यास दर दोन वर्षांनी महागडी तपासणी असते. जुनी गाडी ठेवणे तिथे शक्य आहे, निष्काळजीपणे ठेवणे परवडत नाही. भारतात स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत. ती प्रामाणिकपणे चालली, तर पंधरा वर्षांच्या फूटपट्टीची गरजच उरणार नाही. आरटीओच्या मैदानात गाडीभोवती एक फेरी मारून मिळणारे योग्यता प्रमाणपत्र मात्र चाहत्यांच्या आणि टीकाकारांच्या, दोघांच्याही कामाचे नाही. शुल्क दहा हजार असो वा पन्नास हजार, त्याने ब्रेक सुधारत नाहीत.

कायद्यात एक पोकळीही आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. त्या गाड्या रोजच्या वापरात आणता येत नाहीत, प्रदर्शने आणि मेळाव्यांपुरत्याच बाहेर काढता येतात. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांच्या पट्ट्यात, मर्यादित वापराची आणि त्या बदल्यात कडक तपासणीची अशी कोणतीही मधली श्रेणी नाही. वर्षाला ठरावीक किलोमीटर, महानगरांच्या हद्दीबाहेर वापर आणि दरवर्षी चासी, ब्रेक व धुराची खरी चाचणी, अशा अटींवर ही श्रेणी देता येण्याजोगी आहे. ती आली तर दाराशी उभ्या असलेल्या बहुतेक जीप-जिप्सींचा निकाल मालकालाच लावता येईल, कारण चाचणीत गाडी स्वतःच बोलेल. तोवर १९८५ साली भारतात उतरलेल्या पहिल्या तुकडीतली जी जिप्सी अजून चालती असेल, तिला 'व्हिंटेज' म्हणवून घेण्यासाठी २०३५ पर्यंत दर पाच वर्षांनी आरटीओच्या रांगेत उभे राहायचे आहे.